तीन दिवसांचा खांब

...हसा, हसा! तुमच्या गच्चीवर कुनी खांब उभा केला न्हाई म्हनून तुमाला हसू येऊन राहिलं. आमच्या गच्चीवर केला होता. आमची म्हंजे सोळा घरांची, मैत्री अपार्टमेंट, नांदेड, चार मजले, लिफ्ट न्हाई, अन् मी तिचा सेक्रेटरी. सेक्रेटरी कसा झालो? ज्या दिवशी मीटिंग होती त्या दिवशी मी लग्नाला बाहेरगावी गेलो होतो. परत आलो तर झालेलो होतो!

तर त्या गच्चीवर मोबाईलची अँटेना बसवायची होती. कायमची न्हाई, बरं का. समोरच्या मैदानावर धम्म परिषद, शुक्रवार, शनिवार, रविवार, लाखभर मानूस येनार, तेवढ्यापुरता एक खांब, त्याला वर तीन पेट्या, खाली एक जनरेटर, लोकांचे फोन लागले की झालं, सोमवारी खोलून घेऊन जानार. किती सोपं! कंपनीची पोरगी पयल्याच दिवशी मला म्हनली, "तीनच दिवसाचं काम हाय, काका." तुमाला सांगतो, चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, मुदखेड जंक्शनला उन्हात, पावसात, काय काय ऐकलं, पन इतकं धोक्याचं वाक्य कधी ऐकलं न्हाई.

तुमी म्हनाल, मग हाव कशाला म्हनलात? न्हाई म्हनायचं अन् दार लावून घ्यायचं! अवो, म्हननारच होतो. तोंड उघडलं पन होतं. तेवढ्यात अक्का आठवली.

अक्का म्हंजे माझी थोरली बहीन, भामाबाई. देगलूरच्या पलीकडं, तेलंगनाच्या शिवेवरच्या गावात दिलेली. ती छप्पनच्या दीक्षेआधी जन्मली म्हनून भामा, मी नंतर जन्मलो म्हनून धम्मानंद, एकाच घरात दोन जमाने! माय मजुरीला जायची अन् अक्का मला कडेवर घेऊन दिवसभर फिरायची, स्वतः एवढीशी पोर, तरी खाली उतरू द्यायची न्हाई. त्या अक्काला मी गेल्या साली परिषदेला बोलावलं, मोठ्या हौसेनं, अन् त्या गर्दीत हरवून बसलो. सकाळी अकराला. तिच्यापाशी फोन, माझ्यापाशी फोन, दाजीपाशी फोन... दाजी म्हंजे तिचा नवरा, ग्यानोबा... तीन मानसं, तीन फोन, अन् एकाचा एकाला लागंना! ती फोनमधली बाई सारखी, "या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत." मार्गावरील! मी म्हनलं, बाई, जिंदगीभर मी मार्ग मोकळे करून दिले, आज एक लाइन मला दे की! कुठली देती? पाच वाजता सापडली अक्का. मैदानाच्या पार त्या टोकाला, पान्याच्या टँकरच्या सावलीत मांडी घालून बसलेली, फोन कानाला, अन् तोंडानं, "हॅलो... धम्या... हॅलो..." सहा तास! कान लाल झालता. मला बघून रडली न्हाई, भांडली न्हाई. म्हनली, "कवाधरनं लावून राहिले, तुझा फोन बिघडला का रे?"

तिला वाटलं, माझा फोन बिघडला. मी हरवलो असं वाटलं तिला, ती न्हाई! त्या दिवशी मला जेवन गेलं न्हाई. ज्यानं दुनियेच्या गाड्या फलाटाला लावल्या, त्याला एक बहीन घराला लावता आली न्हाई.

म्हनून यंदा ती पोरगी दारात आली तवा हाव म्हनलो. श्रद्धा तिचं नाव, लातूरची, स्कूटीवरून आलेली, पाठीला बॅग, हातात फाईल, डोळ्याखाली ही काळी वर्तुळं. नवीन नोकरी, पन चेहरा असा की पेन्शनीला दोन महिने राहिलेत. "काका, मैदानासमोर तुमचीच बिल्डिंग उंच हाय. तीनच दिवसाचं काम हाय. फक्त थोडे नियम हायत." अन् तिनं नियमावली काढली. बावीस पानं! अवो, आमची आख्खी बिल्डिंग उभी राहिली तवा बावीस कागद लागले न्हाईत, हे तर एका खांबाला! मी म्हनलं, "पोरी, कायमचा टॉवर असता तर किती पानं असती?" तर म्हनली, "ती येगळी नियमावली हाय, काका. ती छोटी हाय."

आता पयलाच नियम ऐका. अँटेनाच्या अर्जाला परिषदेच्या परवानगीची प्रत जोडा. बरं. परिषदेच्या परवानगीला काय जोडा? तर 'फोनची काय व्यवस्था केली' त्याच्या परवानगीची प्रत! म्हंजे हिच्याबिगर ती न्हाई अन् तिच्याबिगर ही न्हाई. सरकारी ऑफिसात तीन नंबरची खिडकी म्हनती पाच नंबरला जा, पाच नंबरची म्हनती तीन नंबरला जा, ती पोरगी चार दिवस दोन खिडक्यांमधी येरझाऱ्या घालून राहिली! मग पाचव्या दिवशी मी गेलो सोबत. म्हनलं, पोरी, तू तीनला थांब, मी पाचला थांबतो, मी हात वर केला की दोघांनी एकाच टायमाला अर्ज आत सरकवायचे, अन् दोन्हीत लिवायचं, 'प्रत सोबतच्या खिडकीत सादर केली आहे.' केला हात वर. सरकवले. दोन्ही खिडक्यांवर ठप्पा पडला! चौतीस वर्षांच्या नोकरीत दोन गाड्या एका टायमाला सोडल्या न्हाईत मी, रिटायर होऊन सोडल्या.

मला वाटलं, सुटलो. काय सुटलो! दुसरा नियम: सोसायटीचा ठराव पायजे, सोळापैकी अकरा सह्या.

घेतली मीटिंग. पार्किंगमधी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. आमच्यात एक राघवेंद्रराव हायत, दोनशे एकवाले, वकिलीचं शिक्षन घेतलं पन वकिली कधी केली न्हाई, ती सगळी शिल्लक राहिलेली हाय अन् आमच्या मीटिंगमधी थोडी थोडी काढतात. उभे राहिले. "सेक्रेटरी, प्रथम 'तात्पुरते' या संज्ञेची व्याख्या करा." म्हनलं, राव, तीन दिवस. "तीन दिवस म्हणजे बहात्तर तास, की तीन तारखा? आणि मोजायचे कधीपासून?" सगळे हसले. मी पन हसलो. तुमाला सांगतो, त्या मानसाला आमी हसलो, अन् पुढं बरोबर तिथंच पाय अडकला... पन ते पुढं.

मग चंद्रप्रभाबाई. चारशे दोन, गच्चीच्या बरोबर खाली, रिटायर हेडमास्तरीन, अजून बी बोलल्या की आपला हात आपोआप पुढं होतो छडी खायला. "धम्मानंद, माझ्या डोक्यावर खांब, आणि त्यातून निघणार किरणं! मी झोपायचं कसं?" हे त्या बोलून राहिल्या तवा एक फोन मांडीवर, दुसरा हातात, अन् हातातल्यावर पुन्याचा नातू व्हिडिओतून आमची आख्खी मीटिंग बघून राहिलेला! तो तिकडून म्हनला, "आजी, सही करू नकोस हं!" मी म्हनलं, बाई, हे लेकरू जे बोललं, ते कशातून आलं? चालत आलं का? तर म्हनल्या, "ती किरणं लांबची आहेत. लांबची चालतात."

दहा सह्या झाल्या. अकरावी होईना. श्रद्धा बिचारी नियमावली उघडून समजावून राहिली, किरनांची मर्यादा, अंतर, मोजमापाचा दाखला... बाई ढिम्म. खुर्च्या गोळा करायची येळ आली तवा बाईंनी मला हळूच इचारलं, "धम्मानंद, मागच्या वर्षी ती टँकरपाशी बसलेली... ती तुझी बहीण होती का रे?" म्हनलं, हाव. बाईंनी पेन मागितलं, सही केली, अन् सहीच्या वर लिवलं, 'निषेधासह'.

झालं, म्हनलं! श्रद्धा म्हनली, "झालंच, काका. आता फक्त इंजिनिअरचा दाखला. बिल्डिंग मजबूत हाय एवढाच."

इंजिनिअर आला अमरेश म्हनून, देगलूरचा. तिकडं तीन राज्यं एकमेकाला टेकलेली, म्हनून त्याची जबान अर्धी कानडी, पाव तेलुगू अन् उरली ती मराठी. छोटी हातोडी घेऊन स्लॅबवर टक् टक् टक्, भिंतीवर टक् टक्, मला वाटलं आता माझ्या बी डोक्यावर वाजवून बघतो. "छान आहे सार बिल्डिंग! एनू इल्ला, काही काळजी नाही! फक्त... ही टाकी कुठून आली?" म्हनलं, कुठून म्हंजे? एकोनीस वर्षं झाली, इथंच हाय. तर नकाशा पसरला. "नकाशात टाकी इल्ला, सार." मी डोळे तानून बघितलं. खरंच न्हाई! समोर ही एवढी आठ हजार लिटरची टाकी, अन् कागदावर निसती गच्ची! म्हंजे एकोनीस वर्षं आमी जे पानी पिऊन राहिलो, आंघोळी करून राहिलो, ते कागदावर न्हाईच! मी म्हनलं, अमरेशराव, आठ हजार लिटर म्हंजे आठ टन, ते एकोनीस वर्षं ह्या गच्चीनं पेललं, तुमचा खांब तो केवढा, त्यानं काय होनार? "सार, मला खांबाचा दाखला द्यायचाय. टाकीचा विषय काढला तर ती आधी मंजूर करून घ्या. सहा महिने." अन् परिषद सहा दिवसांवर! माझा चेहरा बघून त्याला दया आली. हातोडी खिशात घातली, म्हनला, "एक काम करा. टाकी रिकामी ठेवा. टाकी रिकामी तर वजन इल्ला, वजन इल्ला तर मी सही करतो." म्हनलं, किती दिवस? "तीनच दिवसाचं काम आहे, सार."

आता बोला! हे सोळा घरांना सांगायचं कुनी? सेक्रेटरीनं. लोकांच्या फोनला रेंज यावी म्हनून लोकांच्या नळाचं पानी बंद! राघवेंद्ररावांनी लेखी निषेध दिला, पन दुसऱ्या दिवशी बादली घेऊन खालच्या बोअरपाशी पयले तेच उभे. अन् चंद्रप्रभाबाई? सत्तरी पार, चौथा मजला, गुडघे गेलेले. त्यांना कोन पानी चढवनार? सेक्रेटरी! सकाळी दोन बादल्या, सांजच्याला दोन बादल्या. वर पोचलो की बाई दारात उभ्या, "सांडू नको रे पायरीवर." एवढंच. आभार न्हाई, काही न्हाई, जशी काय ती शिक्षाच दिली होती मला.

अन् घरात? घरात बायको, लुंबिनी. तिनं कुरडयांसाठी गहू भिजवलेला, तीन दिवसांचा, आंबून तयार. अन् नियम काय? अँटेना असंल तवर गच्चीला कुलूप, अनधिकृत व्यक्तीला मनाई, दारावर तीन भाषांत पाटी. लुंबिनी पाटी वाचून खाली आली. "मी सेक्रेटरीची बायको, मी अनधिकृत. अन् वर ती कबुतरं बसलीत, ती अधिकृत?" म्हनलं, अगं, तीनच दिवसाचं... तर चिकाचं पातेलं दाखवलं मला. "हे थांबतं का तीन दिवस? तुमच्या नियमाला इचारून आंबवू का मी?" मग कुरडया माझ्या पलंगावर पडल्या, पंख्याखाली, मोठ्या थाटात, अन् मी खाली चटईवर. अंगावर एक कुरडई पडली पहाटं, ओली.

बरं, खांब आला. उभा राहिला. आता तरी? न्हाई! चौदावा नियम: खांब लांबून दिसला पायजे, लाल-पांढरे पट्टे. कंपनीचा खांब आला राखाडी! रंगवनारी मानसं लातूरला दुसऱ्या कामात अडकलेली, अन् सकाळी तपासनीस येनार. श्रद्धा गच्चीवर रंगाचे दोन डबे घेऊन खाली बसली. निसती बसली. मला आमच्या खात्यात नवी लागलेली पोरं आठवली, पयल्या पावसाळ्यात अशीच बसायची, केबल हातात घेऊन. म्हनलं, आन इकडं ब्रश. सिग्नलचे खांब रंगवून हात बसलेला माझा! एक हात लाल, एक हात पांढरा, शिडीवर चढून, असे पट्टे मारले, सरळ, एका मापाचे... तुमाला सांगतो, ह्या सगळ्या कटकटीत तेवढे दोन तास मी खुश होतो. खालून बघितलं तर हुबेहूब आमच्या मुदखेडच्या आउटर सिग्नलचा खांब! लुंबिनी म्हनली, "लई चांगला दिसून राहिलाय. आता त्याच्याशीच बोला."

अन् गुरुवारी, परिषदेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता मंजुरी हातात आली. शिक्के, सह्या, सगळं. पोरगी लहान लेकरावानी उड्या मारून राहिली. राघवेंद्रराव जिन्यात भेटले, म्हनले, "बघू." चष्मा लावला. वाचलं. अन् हसले न्हाईत बरं का, मानूस हसला न्हाई, हे मी मानतो. म्हनले, "धम्मानंद, मंजुरी दिल्या तारखेपासून तीन दिवस." म्हनलं, मग? "आज गुरुवार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. परिषद रविवारपर्यंत आहे."

मी तिथंच पायरीवर टेकलो.

रविवार म्हंजे मुख्य दिवस! रविवारी खेड्यापाड्यातलं मानूस येतं, रविवारी अक्का येनार देगलूरच्या गाडीनं, अन् नेमकी रविवारी अँटेना बंद! शुक्रवारी सकाळी आमी दोघं परत त्या ऑफिसात. खिडकीतला मानूस भला होता, खोटं कशाला बोलू. हळहळला. "चूक न्हाई वो ही, पद्धतच हाय, दिल्या तारखेपासून मोजतेत. दुरुस्तीचा अर्ज करा, होऊन जाईल." म्हनलं, कवा? "तीनच दिवसाचं काम हाय, काका."

तुमाला खोटं वाटंल, मला त्याच्यावर राग पन आला न्हाई. राग यायला ताकद लागती. मी दोन बादल्या चढवून गेलो होतो.

तर शुक्रवारी अँटेना चालू झाली. अन् काय सांगू, आख्ख्या मैदानात फोन खनखनीत! लोक व्हिडिओ करून राहिले, मुंबईला, दुबईला बोलून राहिले. फक्त एका जागी फोन लागंना. कुठं? मैत्री अपार्टमेंटमधी! सोळा घरांत रेंजची एक दांडी न्हाई! चंद्रप्रभाबाई जिन्यात उभ्या, "धम्मानंद, माझी किरणं कुठं गेली?" मी श्रद्धाला इचारलं, तर मान खाली घालून म्हनली, "काका, ते लांबवर फेकतं. बरोबर खाली येत न्हाई. समईखाली अंधार असतो तसं." म्हंजे पानी बी न्हाई, गच्ची बी न्हाई, अन् रेंज बी न्हाई! आमी सोळा घरं निसती समई धरून उभी!

शनिवारी सांजच्याला बंद झाली. नियमानं. श्रद्धानंच बंद केली, पेटीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. खोलनारी मानसं सोमवारी येनार, तवर राखन करायला पन कंपनीचं मानूस पायजे असा नियम, म्हनून रविवारी ती पोरगी बंद खांबाखाली छत्री उघडून बसली. मेलेल्या खांबाची राखन!

अन् रविवारी दुपारी एक वाजता दाजी आले. एकटे.

मी बघितलं त्यांच्याकडं. दाजी दारात उभे, टोपी हातात. "मागंच होती की. चप्पल तुटली म्हनून खाली वाकलो... वर बघितलं तर न्हाई." फोन लावला. "या मार्गावरील..." मी फोन पलंगावर फेकला, कुरडयांवर. खाली मैदानात जायचं सोडून मी वर पळालो, गच्चीवर. वरून बघितलं. डोकीच डोकी. निळं, पांढरं, निळं, पांढरं... त्यात माझी अक्का कुठली? बहात्तर वर्षांची, पांढऱ्या लुगड्यातली, एवढीशी, अन् ऊन असं की जमीन तापून राहिलेली, अन् गेल्या सालापेक्षा ती थकलेली.

मी श्रद्धाला म्हनलं, "पोरी, चालू कर. दहा मिनिटं." ती उभी राहिली. म्हनली, "काका, मुदत संपल्यावर चालू केली तर तिकडं ऑफिसात लगेच कळतं. नोकरी जाईल माझी." म्हनलं, हाव. मला मालूम हाय. ती खाली बघून राहिली, मैदानाकडं. मग गळ्यातली किल्ली काढली. अन् निघाली पेटीकडं! "अक्का किती वर्षांच्या हायत, काका?" म्हनली, अन् किल्ली कुलपाला लावली.

आता खरं सांगतो, हसू नका. मी तिचा हात धरला. चौतीस वर्षांत मी लाल सिग्नल कुनाला ओलांडू दिला न्हाई, अन् एकदा एका पोरानं ओलांडला होता तवा त्याची नोकरी जाताना बघितली होती. म्हनलं, थांब, मी पायी हुडकतो. ती म्हनली, "सोडा हात, काका." मी म्हनलं, न्हाई सोडत. ती ओढून राहिली, मी धरून राहिलो, दोघांच्या बी डोळ्यात पानी, अन् तेवढ्यात जिन्यातून आवाज आला:

"धम्या! मेल्या, एवढ्या उंचावर राहतेत का कुनी?"

अक्का! चार मजले चढून, धापा टाकत, एक हात कमरेवर! पाटी ओलांडून, तीन भाषांतली, सरळ आत! म्हनलं, अक्का, तू... कशी आलीस? कुनी आनलं? "कोन आननार? त्यो खांब दिसला की." कुठला खांब? "ह्योच. लाल-पांढरा. लांबून दिसतो. तुझ्या टेशनावर असायचा तसा. म्हनलं, असले पट्टे माझा धम्याच मारतो, असंल इथंच. आले चालत." म्हनलं, अन् फोन? "फोन कशाला? तो लागतो का कवा?"

मी त्या खांबाकडं बघितलं. त्या तीन पेट्यांकडं बघितलं, बंद पडलेल्या. बावीस पानं, अकरा सह्या, आठ हजार लिटर पानी... अन् म्हातारी आली कशानं? रंगानं!

"आधी पानी दे रं," अक्का म्हनली. अन् मी पळालो टाकीकडं, सवयीनं, अन् तोटी फिरवली... थेंब न्हाई! तेवढ्यात मागून चंद्रप्रभाबाई आल्या, गच्चीच्या दारात, हातात तांब्या. मीच चढवलेलं पानी. अक्काच्या हातात दिला, तिच्या शेजारी तापल्या पायरीवर बसल्या, अन् पदरानं वारा घालून राहिल्या. त्या दोघी काय बोलल्या मला मालूम न्हाई. श्रद्धा मात्र किल्ली मुठीत धरून लई येळ पलीकडं तोंड करून उभी होती, कबुतरांकडं.

सोमवारी मानसं आली, तासाभरात खांब खोलून घेऊन गेली. ह्या आख्ख्या प्रकरनात टायमावर झालेलं तेवढं एकच काम. टाकी भरली, गच्ची उघडली, लुंबिनीनं मला पलंग परत दिला.

मग आठ दिवसांनी श्रद्धाचा फोन. नोकरी हाय तिची, शाबूत. "काका, शेवटचा नियम. सेक्रेटरीचा अभिप्राय लागतो. काय सुधारना पायजे ते लिवा." मी दोन दिवस विचार केला, अन् लिवलं: 'पुढल्या साली अँटेना बसवा न बसवा, खांब मात्र उभा करा. निसता. पट्टे मारून. म्हातारी मानसं खांब बघून येतात.'

उत्तर आलं! छापील, शिक्क्यासहित. 'आपली सूचना स्तुत्य आहे. तथापि अँटेना नसलेला खांब सदर नियमावलीत बसत नाही. निव्वळ खांबाकरिता संबंधित खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावा.' गेलो. परवा गेलो. तिथला मानूस इचारतो, "खांबावर तार लावनार?" म्हनलं, न्हाई. "दिवा?" न्हाई. "जाहिरात?" न्हाई. "मग खांबाचा उपयोग काय?" म्हनलं, माझी बहीन बघनार. मानसानं फॉर्म काढला, उलटापालटा केला, पेन खाली ठेवलं अन् लई मायेनं म्हनला, "काका, मग वापर त्या करनार. अर्ज त्यांच्या नावानं पायजे. त्यांना समक्ष घेऊन या, अंगठा चालंल."

म्हनलं, ठीक हाय. आता कशाला भांडू? आनतो अक्काला. सकाळधरनं फोन लावून राहिलो तिला... तिच्या गावात रेंजच न्हाई.